जुन्या बोटीवरचा दुहेरी व्होल्टेजचा फ्रिज: दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात चालणारी फायबरची जुनी केबिन बोट आहे. ही बोट पूर्वी समुद्रावर होती आणि ट्रेलरवरून भंडारा जिल्ह्यात आली. मासे गोळा करणे हे तिचे मुख्य काम असून हंगामात ती आंभोऱ्याच्या संगमापर्यंत पाहुण्यांनाही नेते. केबिनमध्ये साधारण ऐंशी लिटरचा फ्रिज बसवलेला आहे. बोट पाण्यात असताना तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालावा आणि घाटावर लागल्यावर संस्थेच्या जाळ्यांच्या शेडमधून ओढलेल्या २३० व्होल्टच्या लाईनवर चालावा, अशी त्याची रचना आहे. वेगळा काढलेला मोठा झिंगा आणि पिण्याचे पाणी यांसाठी तो उपयोगी पडतो, नाहीतर उन्हाळ्यात रोज बर्फाची लादी आणावी लागते. असाच फ्रिज दुरुस्त करू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

२ एप्रिल

तक्रार अशी की बॅटरीवर फ्रिज चालत नाही. क्षणभर घुर्र करतो आणि बंद पडतो, आणि मिनिटभराने पुन्हा तेच होते. लाईनवर मात्र दिवसा चालतो. नावाडी काकांचा प्रश्न रास्त होता : "भाऊ, बॅटरी तं फुल हाये, मंग हे काऊन नाही चालत?" बॅटरी १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर असून टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दाखवते.

फ्रिजच्या मागचा पत्रा काढल्यावर डॅनफॉसचा बीडी ३५ एफ कॉम्प्रेसर आणि त्याच्या कुशीला लागलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर दिसला. डॅनफॉसचा हा विभाग २०१० मध्ये वेगळा झाला आणि आता तेच कॉम्प्रेसर सेकॉप या नावाने मिळतात. सुटे भाग शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. या कॉम्प्रेसरची मोटर घरच्या फ्रिजसारखी नाही. कंट्रोलर बॅटरीचा डीसी घेऊन त्यापासून तीन फेज तयार करतो आणि त्यावर मोटर फिरवतो. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या पिनांना बॅटरी थेट लावून बघण्याचा मोह टाळावा, त्यातून नुकसानीशिवाय काही हाती लागत नाही. मीटरने तिन्ही पिनांमधला रोध मोजला. प्रत्येक जोडीत तो दोन ओहमच्या आसपास आणि सारखाच आला, म्हणजे वाइंडिंग शाबूत आहे.

५ एप्रिल

तालुक्याहून आलेल्या मेकॅनिकचे मत ठाम होते : "गॅस गेली हाये, भाऊ. भरून टाकू." त्याने २,८०० रुपये सांगितले. आम्ही तो खर्च केला नाही, कारण लाईनवर फ्रिज लावल्यावर आतल्या पत्र्यावर अर्ध्या तासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे दव गोठले. गॅस कमी असता तर पत्र्याच्या सुरुवातीला पांढरा पट्टा आला असता आणि उरलेला भाग कोरडा राहिला असता. जो फ्रिज एका पुरवठ्यावर नीट थंड होतो आणि दुसऱ्यावर होत नाही, त्याची गॅसची नळी फोडू नये. या फ्रिजच्या पाटीवर आर-१३४ए गॅसचे वजन अवघे ४५ ग्रॅम लिहिलेले आहे. दाब मोजायचे गेज लावताना आणि काढताना त्यातला जो अंश उडून जातो तोच अशा लहान यंत्रणेला बिघडवायला पुरतो, आणि नळीला टोचून बसवलेला व्हॉल्व्ह पुढे कायम झिरपत राहतो.

८ एप्रिल

कंट्रोलरला दोष सांगायची सोय मुळातच दिलेली असते, पण फ्रिज बसवणारे ती बहुधा जोडत नाहीत. + आणि डी या दोन टर्मिनलांमध्ये १० मिलिअँपिअरचा साधा लाल एलईडी लावला की बिघाडानुसार तो दर चार सेकंदांनी ठरावीक वेळा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर पुरवठ्याचे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले आहे, दोनदा तर पंखा जास्त करंट ओढत आहे, तीनदा तर मोटर सुरू होत नाही, चारदा तर मोटर भाराखाली किमान वेग राखू शकत नाही आणि पाचदा तर कंट्रोलर तापला आहे. पाच रुपयांच्या या दिव्याने जेवढे सांगितले तेवढे कुणाच्या अंदाजाने सांगितले नसते. बॅटरीवर लावताच दिवा एकदाच लुकलुकला.

कंट्रोलरच्या कागदानुसार १२ व्होल्टच्या पुरवठ्यात व्होल्टेज १०.४ च्या खाली गेले की तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि ११.७ च्या वर आल्यावर पुन्हा सुरू करतो. आमच्या फ्रिजचे मिनिटामिनिटाचे घुर्र-बंद यातून उलगडते. कॉम्प्रेसर बंद असताना तारेतून करंट जात नाही, म्हणून कंट्रोलरजवळही पूर्ण साडेबारा व्होल्ट दिसतात. मोटर उचलायला गेली की व्होल्टेज कोसळते, कंट्रोलर बंद करतो, भार गेल्याने व्होल्टेज लगेच परत येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावून बसणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

११ एप्रिल

मोटर उचलते तो क्षण इतका छोटा असतो की साधा मीटर तो पकडू शकत नाही. म्हणून कंट्रोलरच्या दोन्ही तारा काढून त्यांच्या जागी ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. तो साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो, म्हणजे चालत्या कॉम्प्रेसरइतकाच, आणि सतत घेत राहतो, त्यामुळे सावकाश मोजता येते. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि बल्बवर ११.१ व्होल्ट आले. वाटेत १.४ व्होल्ट गळत होते आणि मोटर उचलताना करंट याहून जास्त असल्याने गळतीही त्याच प्रमाणात वाढणार होती.

मग मीटरची एक तार एका जागी धरून दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवली. जाण्यायेण्याच्या तारेत मिळून ०.४५, काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये ०.४, पॅनेलवरच्या स्विचमध्ये ०.२५ आणि सगळ्या निगेटिव्ह तारा एकत्र येतात त्या पितळी पट्टीवर ०.३ व्होल्ट सापडले. फ्यूज होल्डर उघडला तेव्हा स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मोरचुदी रंगाची भुकटी भरलेली होती. काचेच्या नळीची एक टोपी बोटाने फिरवली तर ती सैल फिरली, आणि फ्यूजची तार मात्र अखंड होती. फ्यूज "चालू आहे की नाही" एवढेच पाहणाऱ्या प्रत्येकाने हा होल्डर पास केला असणार.

१५ एप्रिल

जुनी तार २.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि बॅटरीपासून फ्रिजपर्यंतचे अंतर सात मीटर आहे. कॉम्प्रेसरच्या कागदावर १२ व्होल्टसाठी दिलेले कोष्टक पाठ करण्याइतके सोपे आहे : २.५ चौरस मिलिमीटरची तार अडीच मीटरपर्यंत, ४ ची चार मीटरपर्यंत, ६ ची सहा मीटरपर्यंत आणि १० ची दहा मीटरपर्यंत चालते. २४ व्होल्टवर हीच अंतरे दुप्पट होतात. सात मीटरसाठी १० ची तार लागणार, यात घासाघीस करण्यासारखे काही नव्हते. घरच्या वायरिंगमध्ये २.५ ची तार गीझर चालवते म्हणून ती इथेही पुरेल, हा युक्तिवाद संस्थेच्या बैठकीत झाला. पण २३० व्होल्टमधून एक व्होल्ट गेला तर कुणाला कळत नाही आणि १२ मधून गेला तर फ्रिज बंद पडतो.

जुनी तार जोडून लांबवण्याचा विचार तिचे टोक सोलल्यावरच सोडून दिला. आवरणाच्या आत तांबे काळे पडले होते, आणि टोकापासून वीतभर आत कापून पाहिले तरी तसेच काळे. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत कलई नसलेली तार वर्षानुवर्षे राहिली की ओल आवरणाखालून आत चढत जाते. अशा तारेवर सोल्डर धरत नाही आणि लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबला तरी पकड खोटी राहते.

नवी तार बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट फ्रिजपर्यंत नेली. मधला पॅनेलचा स्विच आणि पितळी पट्टी दोन्ही वगळली, कारण कॉम्प्रेसर बनवणाऱ्यांचेही तेच सांगणे आहे. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज बसवला. लग हाताच्या पक्कडीने न चेपता पवनीतल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून क्रिंपिंगचे हत्यार आणून दाबले आणि त्यावर आकसणारी नळी चढवली. इंजिनाच्या बाजूने तार नेताना ती एक्झॉस्टपासून दूर राहील आणि थरथरीने घासणार नाही अशा रीतीने क्लिपा मारल्या. या कामात अर्धा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

बल्ब पुन्हा लावला. बॅटरीवर १२.५, बल्बवर १२.३. कंट्रोलर जोडल्यावर फ्रिज पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

१८ एप्रिल

बॅटरीवर फ्रिज उत्तम चालतो, पण घाटावर संध्याकाळी लाईनवर असताना बंद आढळला. दिवा पुन्हा एकदाच लुकलुकत होता. शेडमधल्या बोर्डावर १६८ व्होल्ट होते. एप्रिल लागला की संध्याकाळी गावातले कूलर एकामागून एक सुरू होतात आणि व्होल्टेज दबते, हे आमच्याकडे नित्याचेच आहे.

कोड्यात टाकणारी गोष्ट पुढे आहे. लाईन अपुरी असेल तर फ्रिजने बॅटरी घ्यायला हवी होती, कारण तार जोडलेलीच होती आणि बॅटरी भरलेली होती. तरीही तो दोन्हींच्या मधे अडकून पडला होता. शेडमधला प्लग काढून पुन्हा लावला तर फ्रिज लगेच चालू झाला, आणि मोजून पाहिले तर तो बॅटरीवर चालत होता. लाईन तेव्हाही १६८ वरच होती.

२३ एप्रिल

फ्रिजच्या बाजूला स्क्रूने बंद केलेला जो लोखंडी डबा आहे तो उघडला. आत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), जाड कपॅसिटर आणि २३० व्होल्टच्या कॉइलचा एक रिले (कॉइलला वीज मिळाली की आपोआप बदलणारा स्विच) आहे. कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो, म्हणून हात घालण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना तोच हेडलाईटचा बल्ब लावून तो रिकामा करावा. लाईन आली की रिले उचलतो, फ्रिजला बॅटरीपासून तोडतो आणि ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या २४ व्होल्टवर जोडतो. कंट्रोलर १२ आणि २४ दोन्ही घेतो आणि आपले आपण ओळखतो.

वाइंडिंगच्या दुकानातल्या डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवे तसे बदलून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हा डबा लावून व्होल्टेज सावकाश कमी-जास्त केले, तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. रिले १७८ व्होल्टला उचलतो, पण एकदा उचलल्यावर ९२ व्होल्टपर्यंत सोडत नाही. रिलेचा हा स्वभावच आहे, उचलायला जेवढा जोर लागतो त्याहून धरून ठेवायला कितीतरी कमी लागतो. दुसरीकडे ट्रान्सफॉर्मरमधून २२८ व्होल्टला भाराखाली २५.४ व्होल्ट डीसी निघतात आणि १६८ व्होल्टला जेमतेम १८.७. कंट्रोलरच्या हिशेबात १७ च्या वरचे व्होल्टेज म्हणजे २४ ची यंत्रणा, आणि २४ च्या यंत्रणेत २२.८ च्या खाली गेले की बंद. म्हणजे १८.७ हे बारासाठी जास्त आणि चोवीससाठी कमी.

दुपारी लाईन २१० च्या पुढे असते तेव्हा रिले उचलतो, संध्याकाळी व्होल्टेज दबते तरी तो धरून बसतो, फ्रिजला ना लाईन पुरते ना बॅटरी मिळते. प्लग काढून लावला की १६८ वर रिले उचलूच शकत नाही, म्हणून फ्रिज मुकाट्याने बॅटरीवर चालू लागतो. नावाडी मंडळी "एकदा प्लग काढून लावा, चालते" असे म्हणत होती ते खरेच होते. फक्त लाईन दुरुस्त झाली असे त्यांना वाटत होते आणि इकडे रात्रभर बॅटरी उतरत होती. सकाळी इंजिन सुरू न होण्याची जुनी तक्रारही याच पोटातली निघाली.

२९ एप्रिल

नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून २४ व्होल्ट, साडेसहा अँपिअरचा एसएमपीएस (लाईन घेऊन स्थिर डीसी देणारा इलेक्ट्रॉनिक पुरवठा) आणला. दुकानात दोन प्रकार दाखवतात. एकाच्या बाजूला ११० आणि २२० असा सरकता खटका असतो, आणि तो २२० वर ठेवला की १७० च्या खाली त्याची हमी नसते. स्वस्त असला तरी आमच्या घाटावर तो निरुपयोगी. दुसऱ्याला खटका नसतो आणि पाटीवर ८५ ते २६४ व्होल्ट लिहिलेले असते, तो घ्यावा. खोक्यावरचे न वाचता प्रत्यक्ष डब्यावरची पाटी वाचावी.

३ मे

ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि जुना रिले काढून टाकले. नवा रिले २४ व्होल्ट डीसी कॉइलचा, मोठ्या गाड्यांत असतो तसा लावला आणि त्याची कॉइल लाईनवर न जोडता एसएमपीएसच्या आउटपुटवर जोडली. या एका बदलात मूळ रचनेतला दोष जातो. जुना रिले लाईन आहे का एवढेच पाहत होता. नवा रिले कंट्रोलरला खरोखर २४ व्होल्ट मिळणार आहेत का हे पाहतो. एसएमपीएसने हात टेकले की रिले सुटतो आणि फ्रिज बॅटरीवर जातो. बदलाच्या वेळी कधीकधी दिवा तीनदा लुकलुकतो, कारण कॉम्प्रेसर नुकताच थांबलेला असल्याने नळ्यांमधला दाब अजून समान झालेला नसतो. मिनिटभराने तो स्वतःच सुरू होतो, तेव्हा घाई करू नये.

शेडमधला जोडही याच दिवशी नीट केला. धरणाचे पाणी उतरते तशी बोट शेडपासून लांब जाते आणि दरवर्षी केबलला काळ्या टेपने एक तुकडा जोडला जातो; तो जोड ओल्या मातीत पडलेला होता. फ्रिजपेक्षा हे काम जास्त निकडीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या पायांनी माणसे जिथे चढतात-उतरतात तिथे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (जमिनीत वीज गळताच लाईन तोडणारा स्विच), सलग तीन तारांची केबल आणि शेडपाशी खरे अर्थिंग नसेल तर लाईन बोटीपर्यंत नेऊच नये. तिन्ही गोष्टी केल्या, अर्थिंगसाठी नवा खड्डा खोदला आणि ईएलसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचे असे शेडच्या दारावर लिहून ठेवले.

१३ मे

दुपारी दोनच्या सुमारास फ्रिज बंद, दिवा पाचदा. सावलीत पारा ४५ अंशांवर होता आणि फ्रिजमागच्या कप्प्यात थर्मामीटर ५८ दाखवत होता. कंट्रोलरची सोसण्याची मर्यादा भोवतालच्या ५५ अंशांची आहे. समुद्रावर या कप्प्याला हवेची जाळी लागली नसेल. विदर्भातल्या मे महिन्यात बंद फायबरच्या पेटीत कोणताही फ्रिज असाच गुदमरणार.

पंखा फिरतच नव्हता. त्याच्या तारा थेट मुख्य पुरवठ्यावर जोडलेल्या होत्या, म्हणजे लाईनवर असताना १२ व्होल्टच्या पंख्याला २५ व्होल्ट मिळत होते. पंखा + आणि एफ या टर्मिनलांमध्ये जोडायचा असतो, तिथे पुरवठा २४ चा असला तरी पंख्याला १२ च मिळतात. पंखा नेहमी १२ व्होल्टचाच आणि अर्ध्या अँपिअरच्या आतला हवा. संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा यात चपखल बसला. कंडेन्सरच्या (फ्रिजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांमध्ये काटेसावरीचा कापूस नमद्यासारखा घट्ट बसला होता आणि त्यावर डिझेलच्या काजळीचा तेलकट थर होता. तो ब्रशने निघेना, म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवून चिमट्याने ओढून काढावा लागला. कप्प्याला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या कापल्या, खालची सावलीच्या बाजूला.

त्यानंतर तशाच उन्हात कप्पा ४९ अंशांवर राहतो आणि पाच लुकलुकी पुन्हा दिसलेल्या नाहीत.

२२ मे

थर्मोस्टॅटच्या तारेत रोधक घालून कॉम्प्रेसरचा वेग वाढवता येतो. रोधक नसेल तर तो मिनिटाला २,००० फेरे फिरतो आणि २७७ ओहम घातले की २,५००. थंडावा वाढेल म्हणून तसे करावे, अशी सूचना आली. मी ते केले नाही. वेग वाढला की करंट आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि आमची अडचण उष्णतेचीच आहे. त्याऐवजी फ्रिजच्या वरच्या बाजूला आणि इंजिनाकडच्या भिंतीला जाड थर्माकोल लावला.

सध्या बॅटरीवर दिवसभराची सरासरी साडेतीन अँपिअर येते. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही असे धरले तर हाताशी ७५ अँपिअर-तास राहतात, म्हणजे इंजिन बंद ठेवून सुमारे एकवीस तास निघतात.

खर्च असा झाला : तार १,९६० रुपये, फ्यूज आणि लग ४२०, एसएमपीएस १,३५०, रिले २८०, ईएलसीबी १,६००, पंखा २५०, जाळ्या आणि थर्माकोल ३४०, एकूण ६,२०० रुपये. अर्थिंगचा खड्डा सभासदांनी खोदला आणि सळई शेडमध्ये पडलेलीच होती. कॉम्प्रेसर, कंट्रोलर आणि गॅस यांपैकी कशालाही हात लावावा लागला नाही.

दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात अजून सैल आहे; कागदाची पट्टी दारात धरून ओढली तर तिथे ती विनासायास निघते. गरम पाण्यात भिजवून रबर थोडे सरळ झाले, पण पुरेसे नाही. त्याच्या कडेचा आकार बाजारातल्या घरगुती फ्रिजच्या रबराशी जुळत नाही, म्हणून कोपऱ्यातला तुकडा घेऊन पुढच्या खेपेला नागपूरला जायचे आहे.